घेरियाच्या गोदीतले चाळीस तोफांचे जहाज

दिल्लीत मंडी हाउसच्या चौकातून इंडिया गेटकडे जाणारा कोपर्निकस मार्ग काही फार लांब नाही. दूरदर्शन भवन, कमानी सभागृह, जुने महाराष्ट्र सदन, फरीदकोट हाउस आणि बडोदा हाउस एवढ्यात तो संपतो. यातले बडोदा हाउस गायकवाडांचे. एडविन लट्येन्सने आराखडा केलेल्या या वास्तूत आता उत्तर रेल्वेचे मुख्यालय आहे. मराठा साम्राज्य टिकले असते तर त्याच्या आरमाराची कचेरी दिल्लीत कुठे असती, असा खेळ मांडायचाच झाला तर ही जागा अगदीच अस्थानी ठरणार नाही. समुद्र इथून शेकडो कोस दूर असला तरी गायकवाडांचा बिलिमोऱ्याला खरोखरीच आरमारी सुभा होता.

हा खेळ मराठीला नवा नाही. जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत विश्वासराव पानिपतावर गोळीतून थोडक्यात वाचतात, मराठे जिंकतात आणि ईस्ट इंडिया कंपनी तिच्या वखारींपुरती उरते. तिचे इंग्रजी रूप एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात असल्यामुळे महाराष्ट्राबाहेरची मुलेही गंगाधरपंत गायतोंड्यांना ओळखतात. आता त्या जगाला आरमार लागणारच. मग त्या आरमाराची सर्वांत मोठी लढाऊ नौका कशी असेल? अशा कल्पनेतल्या नौका रेखाटणारे हौशी लोक जगभर आहेत आणि बहुतेकांची सुरुवात तोफांच्या संख्येपासून होते. कोकणात ती पाण्याच्या खोलीपासून करावी लागते.

त्याआधी एक अडचण. पानिपत 1761 सालचे. मराठ्यांच्या आरमाराचा कणा त्याआधीच पाच वर्षे मोडला होता. इतिहासाची वाट वळवायचीच असेल तर पानिपतच्या माळावर न थांबता फेब्रुवारी 1756 मध्ये विजयदुर्गाच्या खाडीत जावे लागते. विजयदुर्ग म्हणजेच इंग्रजी कागदांतला घेरिया.

विजयदुर्गावरून आरमार चालवणारा सरदार तुळाजी आंग्रे पेशव्यांना जुमानत नव्हता. नानासाहेब पेशव्यांनी आपला अधिकारी रामाजी महादेव याच्यामार्फत मुंबईकर इंग्रजांशी करार केला आणि 1755 मध्ये कमोडोर विल्यम जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला. पुढच्या वर्षी अ‍ॅडमिरल वॉटसन केंट, कंबरलँड, टायगर, सॅलिसबरी अशा मोठ्या जहाजांसह घेरियासमोर उभा राहिला. जमिनीवर उतरलेल्या फौजेचा म्होरक्या होता रॉबर्ट क्लाइव्ह. प्लासी अजून वर्षभर लांब होती. 12 फेब्रुवारीला एक पेटता गोळा ‘रिस्टोरेशन’वर पडला. हे जहाज तुळाजीने पूर्वी कंपनीकडूनच हिसकावले होते. मोठ्या गुराबा आणि लहान गलबते एकमेकांना दोरखंडांनी बांधलेली होती. आग एकीवरून दुसरीवर गेली आणि संध्याकाळपर्यंत आंग्र्यांचे आरमार जळून गेले.

इंग्रजी वृत्तांतांतला एक तपशील सहसा दुर्लक्षित राहतो. पाण्यावरच्या नौकांखेरीज गोदीत दोन मोठी जहाजे बांधणीत होती आणि त्यांतले एक चाळीस तोफांचे व्हायचे होते. कल्पनेच्या खेळासाठी याहून चांगला आरंभबिंदू सापडणार नाही, कारण हे जहाज खरोखर कोणीतरी योजले होते आणि ते कधीच पाण्यात उतरले नाही.

त्याची योजना करणाऱ्यांसमोर दोन परंपरा होत्या आणि त्या एकमेकींशी भांडत होत्या. पहिली घरची. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे, आणि ते लिहिणाऱ्याला जहाजांचे व्यवहार नीट कळत होते. गुराबा फार मोठ्या नकोत आणि फार लहानही नकोत, मध्यम बांधाव्यात. वाऱ्याशिवाय हलूच न शकणारी फिरंगी पद्धतीची अजस्र जहाजे बांधण्यात काही हशील नाही, असे ते सांगते. पाच गुराबा आणि पंधरा गलबते मिळून एक सुभा करावा, खर्चासाठी मुलूख नेमून द्यावा, बंदरांच्या जकातीवर आरमार पोसू नये, नाहीतर सावकार-व्यापारी पळतील. साग तोडावा, पण रयतेची आंब्या-फणसाची झाडे तोडू नयेत. अर्थखात्याच्या टिपणीत शोभेल असे हे प्रकरण आहे.

ही मध्यम गुराब दिसायची कशी? रॉबर्ट ऑर्मने तिचे वर्णन केले आहे. दोन डोलकाठ्यांची गुराब साधारण दीडशे टनांची, तीन डोलकाठ्यांची तीनशेच्या आसपास. लांबीच्या मानाने रुंदी भरपूर, पाण्यात बुडणारा भाग अगदी कमी. नाळेपुढे एक लांब चोच निघालेली, आणि तिच्यावरून मारा करण्यासाठी नऊ ते बारा पौंडी गोळ्यांच्या दोन तोफा थेट समोर रोखलेल्या. बगलेच्या तोफा त्याहून हलक्या. सोबतची गलबते सत्तर टनांच्या आत, चाळीस-पन्नास वल्ह्यांची. वारा पडला की गलबते गुराबांना ओढत न्यायची आणि शत्रूच्या पिछाडीला आणून उभी करायची. तिथे युरोपी जहाजाच्या बगलेतल्या तोफा निकामी ठरायच्या. 1754 मध्ये तुळाजीच्या ताफ्याने तीन डच जहाजांना गाठले. त्यांतले सर्वांत मोठे पन्नास तोफांचे होते. दोन नष्ट झाली, तिसरे पकडले गेले.

म्हणजे घरच्या परंपरेने आपले म्हणणे सिद्ध करून दाखवले होते. मग चाळीस तोफांचे जहाज कशाला? बहुधा यासाठी, की गुराबा शिकार करू शकत होत्या, पण वॉटसनसारखा पाहुणा दारात येऊन ठाकला तर त्याच्यासमोर ओळ धरून उभ्या राहू शकत नव्हत्या. केंटसारख्या जहाजाच्या एका बगलेत जेवढे लोखंड होते, तेवढे चार गुराबा मिळूनही फेकू शकल्या नसत्या.

दुसरी परंपरा, युरोपी ओळीतल्या लढाऊ जहाजांची, इथे जशीच्या तशी आणता आली असती का? 74 तोफांचे जहाज म्हणजे सुमारे 170 फूट लांबीचा तोफमजला आणि वीस फुटांहून जास्त पाणी. कोकणातल्या बहुतेक खाड्यांच्या मुखाशी वाळूचे दांडे आहेत. विजयदुर्गची वाघोटण खाडी त्यातल्या त्यात खोल. तिच्या काठी गिर्ये इथे कातळ फोडून केलेली गोदी आजही दिसते. तिची लांबी साडेतीनशे फुटांच्या आसपास आहे. तिच्यात मोठे जहाज बसले असते. पण ते जहाज एकाच बंदराला बांधले गेले असते. सुवर्णदुर्ग, रत्नागिरी, कुलाबा इथे त्याला ओहोटीची धास्ती. म्हणून या काल्पनिक नौकेचा शहाणा आराखडा मधला निघतो: चाळीस ते पन्नास तोफा, रुंद बूड, बारा-चौदा फूट पाणी, नाळेवरच्या समोर रोखलेल्या तोफा तशाच ठेवलेल्या, आणि ओढायला गलबते. घेरियाच्या सुतारांच्या मनातही असेच काही असावे, असे मानायला जागा आहे.

कागदावर उत्तम दिसणाऱ्या नौकेचे काय होते, हे घेरियानेच आधी पाहिले होते. 1720 मध्ये मुंबईकर इंग्रजांनी खास हा किल्ला पाडण्यासाठी ‘फ्रॅम’ नावाचा तरंगता तोफखाना बांधला: सपाट तळ, गोळ्यांना दाद न देणाऱ्या जाड भिंती, 48 पौंडी तोफा. माऱ्याची वेळ आली तेव्हा तोफांची तोंडे पुरेशी वर होईनात आणि गोळे किल्ल्याआधीच पाण्यात पडू लागले. मोहीम फसली.

लाकूड आणि कारागीर यांची चिंता मात्र नव्हती, आणि याचा पुरावा शत्रूनेच दिला. लवजी नसरवानजी वाडिया 1736 मध्ये सुरतेहून मुंबईला आले. पुढे त्यांच्या घराण्याने याच किनाऱ्यावरच्या सागापासून ब्रिटिश नौदलाला पूर्ण आकाराची लढाऊ जहाजे बांधून दिली. 74 तोफांचे ‘मिंडेन’ 1810 मध्ये पाण्यात उतरले. ‘कॉर्नवॉलिस’वर 1842 मध्ये नानकिंगचा तह झाला. ‘वेलस्ली’ तर दुसऱ्या महायुद्धापर्यंत टिकले आणि 1940 मध्ये जर्मन विमानांच्या बाँबने बुडाले. 1817 चे ‘ट्रिंकोमाली’ इंग्लंडमध्ये हार्टलपूलला अजून तरंगते आहे. मराठा युद्धनौका शक्य होती की नाही, हा वाद या यादीपुढे टिकत नाही. ती विजयदुर्गापासून थोड्याच अंतरावर बांधली गेली, फक्त तिच्यावर निशाण दुसरे होते.

उणीव होती ती एकसारख्या तोफांची. किल्ला पडला तेव्हा इंग्रजांना घेरियात दोन-अडीचशे तोफा सापडल्या. तुटवडा म्हणावा असा आकडा नव्हे. पण आंग्र्यांच्या तोफा विकत घेतलेल्या, पकडलेल्या, फिरंग्यांच्या, वलंदेजांच्या म्हणजे डचांच्या, इंग्रजांच्या. ओळीत लढणाऱ्या जहाजाला एकाच मापाच्या वीस-पंचवीस तोफा आणि त्याच मापाचे हजारो गोळे लागतात. त्यासाठी ओतकामाचा कारखाना हवा, कारखान्याला दरवर्षी ठरलेला पैसा हवा. अमात्यांनी सांगितलेला नेमलेला मुलूख नेमका इथेच आठवतो. घेरियानंतर पेशव्यांनी आनंदराव धुळपांच्या हाताखाली विजयदुर्गाला आरमार पुन्हा उभे केले. धुळपांनी 1783 मध्ये रत्नागिरीजवळ कंपनीचे ‘रेंजर’ पकडून दाखवले. तरी तो पराक्रम शिकारीचाच होता.

गंगाधरपंतांच्या जगाला आणखी पुढे नेले तर खेळ अवघड होतो. 1906 मध्ये ब्रिटनची ‘ड्रेडनॉट’ ही युद्धनौका आली तोवर लाकूड, शीड, सुतार सगळे मागे पडले होते आणि पोलादाचा हिशेब सुरू झाला होता. जपानने ‘मिकासा’ ब्रिटनकडून बांधून घेतली, पण 1906 मध्येच योकोसुकाला ‘सात्सुमा’ स्वतः पाण्यात सोडली, आणि त्याआधी 1901 मध्ये यावाताचा पोलाद कारखाना सुरू केला होता. साकचीला टाटांच्या भट्टीतून पहिले पोलाद 1912 मध्ये निघाले. म्हणजे त्याआधीची कोणतीही पुणेरी ड्रेडनॉट न्यूकॅसलला बांधून आणावी लागली असती, ब्राझीलने ‘मिनास झेराइस’ आणली तशी. ब्राझीलच्या त्या दिमाखदार जहाजावरच्या खलाशांनी 1910 मध्ये, फटक्यांच्या शिक्षेविरुद्ध, बंड केले. जहाज नवे होते, शिस्तीचा चाबूक जुना होता. हौशी आराखड्यांत खलाशी कोणीच रेखाटत नाही.

खऱ्या इतिहासात युद्धनौकेचा आराखडा दिल्लीत आला तो वेगळ्याच वाटेने. स्वातंत्र्यानंतर नौदलाने स्वतःचे नौबांधणी अभियंते घडवले आणि नौदल मुख्यालयात आराखडा विभाग उभा केला. माझगाव डॉकने ब्रिटिश लिअँडर आराखड्यावर ‘निलगिरी’ बांधली, ती 1972 मध्ये दाखल झाली. मग दिल्लीतल्या आराखडाकारांनी स्वतःची नौका काढायला घेतली: ‘गोदावरी’. कॅप्टन सुब्बय्यांच्या चमूपुढचा पेच घेरियाच्या सुतारांना ओळखीचा वाटला असता. यंत्रसामग्री ‘निलगिरी’चीच, तीस हजार अश्वशक्तीची वाफेची. त्यावर सोव्हिएत क्षेपणास्त्रे, पाश्चात्त्य आणि भारतीय इलेक्ट्रॉनिक्स, एकाऐवजी दोन सी किंग हेलिकॉप्टर, आणि वेग फारसा उतरता कामा नये. नौकेची लांबी 113 मीटरवरून 126 मीटरपर्यंत नेली आणि तेवढ्याच शक्तीत ते जमवले. निरनिराळ्या देशांतली यंत्रे एका नौकेत एकमेकांशी बोलतील का, अशी शंका तेव्हा बाहेरचे तज्ज्ञ घेत होते.

‘गोदावरी’ 10 डिसेंबर 1983 रोजी नौदलात आली. माझगावला तिच्या पाठोपाठ आणखी दोन बहिणी बांधल्या गेल्या, ‘गंगा’ आणि ‘गोमती’. मुंबईच्या गोदीत 1821 मध्ये वाडियांनी ब्रिटिश नौदलासाठी 84 तोफांचे जे सागवानी जहाज पाण्यात सोडले होते, त्याचेही नाव गंगाच होते. इंग्रज ते ‘गँजिस’ असे उच्चारत.