एका दिवसात मॉरिशस: संस्कृती, खाणं, निसर्ग आणि ऊस

इतिहासाच्या व्याख्यानमालेत सहलीचा विषय कशाला, असं काहींना वाटलं असेल. पण सहलीचा कार्यक्रम हाही एक दस्तऐवज असतो. ताम्रपट वाचावा, बखर वाचावी, तसा तो वाचता येतो. बस कुठे थांबवायची, काय दाखवायचं, कशाच्या शेजारून न थांबता पुढे जायचं, हे कुणीतरी ठरवलेलं असतं. त्या ठरवण्यात इतिहासाकडे बघण्याची एक दृष्टी असते. ती दृष्टी तपासणं हे आपलं आजचं काम.

उदाहरण मॉरिशसचं घेऊ. या बेटाच्या नैर्ऋत्य भागाची एका दिवसाची सहल, सोबत गाईड, हा तिथला फार चालणारा प्रकार आहे. सकाळी क्युरपीप गावातलं ट्रू ओ सेर हे ज्वालामुखीचं विवर. मग गंगा तलाव. मग ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यानातली दरी, शामारेलचा धबधबा, तिथली सात रंगांची माती. दुपारचं जेवण, जमल्यास उसापासून रम करतात तो कारखाना, आणि परतताना समुद्राकाठी उभा असलेला ल मॉर्नचा डोंगर. संस्कृती, स्थानिक जेवण आणि निसर्ग, तिन्ही एका दिवसात.

सोयीचं आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की या तीन गोष्टी तिथे मुळात तीन नाहीत. एकाच घडामोडीच्या त्या तीन बाजू आहेत, आणि ती घडामोड म्हणजे ऊस आणि उसासाठी आणलेली माणसं. तिन्ही सुट्या करून दाखवल्या की मधला दुवा गळतो. हा दुवा म्हणजे मजूर. सगळं दिसतं, फक्त ज्यांनी ते घडवलं ते दिसत नाहीत.

आधी थोडा कालक्रम सांगतो. मॉरिशसला मूळ रहिवासी नाहीत. अरब खलाशांना बेट माहीत होतं, पोर्तुगीज येऊन गेले, पण वस्ती कुणी केली नाही. १५९८ मध्ये डच उतरले. त्यांनी राजपुत्र मॉरित्स याचं नाव बेटाला दिलं आणि १६३८ पासून वसाहतीचे प्रयत्न केले. एबनीचं काळंभोर लाकूड तोडून नेलं. १६३९ मध्ये जाव्याहून ऊस आणला, हरणंही आणली. १७१० मध्ये ते बेट सोडून निघून गेले. तोवर डोडो संपला होता. डोडो डचांनी खाऊन संपवला असं आपण शाळेत ऐकतो, पण जमिनीवर घातलेली त्याची अंडी माणसाबरोबर आलेल्या उंदरांनी, डुकरांनी आणि माकडांनी फस्त केली, हे त्याहून मोठं कारण.

१७१५ मध्ये फ्रेंचांनी बेटावर हक्क सांगितला. १७३५ मध्ये आलेला गव्हर्नर लाबुर्दोने याने पोर्ट लुई बंदर उभारलं आणि साखरेला चालना दिली. मोझांबिक, मादागास्कर आणि काही प्रमाणात भारतातूनही गुलाम आणले गेले. १८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकलं. १ फेब्रुवारी १८३५ रोजी तिथली गुलामगिरी कायद्याने संपली. आता हिशेब बघा. सुमारे ६६ हजार गुलाम मुक्त झाले. त्यांच्या मालकांना नुकसानभरपाई मिळाली वीस लाख पौंडांहून जास्त. गुलामांना भरपाई नाहीच, उलट उमेदवारीच्या नावाखाली १८३९ पर्यंत त्याच मालकांकडे राबणं आलं.

पण मळे चालवायला माणसं हवी होती. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ॲटलस नावाच्या जहाजातून कलकत्त्याहून ३६ मजूर उतरले. गुलामाऐवजी करारावर आणलेला मजूर वापरून बघायचा, याला इंग्रज सरकार ‘महान प्रयोग’ म्हणत होतं. प्रयोग कुणावर, हे विचारायचं नाही. पुढच्या काळात साडेचार लाखांच्या आसपास माणसं भारतातून गेली. करार बहुतेक पाच वर्षांचा, पुरुषाला महिना पाच रुपये आणि शिधा. एक दिवस गैरहजर राहिलं तर दोन दिवसांची मजुरी कापायची, अशी पद्धत होती. याच श्रमांवर एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मॉरिशस ब्रिटिश साम्राज्यातल्या साखरेच्या वसाहतींत आघाडीवर आलं.

आता बसमध्ये बसू.

पहिला थांबा, ट्रू ओ सेर. या फ्रेंच नावाचा अर्थ हरणांचं विवर. विवर ज्वालामुखीचं, नाव फ्रेंच, आणि नावातलं हरीण डचांनी जाव्याहून आणलेलं. निसर्ग म्हणून दाखवलेल्या पहिल्याच ठिकाणी तीन वसाहतींपैकी दोन आपल्याला भेटल्या. तिथून पुढे जाताना रस्त्याच्या दुतर्फा उसाची शेतं लागतात. त्या शेतांत मधूनमधून काळ्या दगडांचे मोठे ढीग रचलेले दिसतात, काही अगदी पिरॅमिडसारखे. हा बेसॉल्ट, आपल्या सह्याद्रीतला असतो तसा ज्वालामुखीचा दगड. ऊस लावण्यासाठी जमीन मोकळी करताना आधी गुलामांनी आणि नंतर मजुरांनी तो हातांनी वेचून रचला. बस तिथे बहुधा थांबत नाही. माझ्या मते त्या बेटावरचं सगळ्यात मोठं स्मारक तेच आहे, आणि त्यावर कुणाचं नाव नाही.

पुढे ब्लॅक रिव्हरची दरी. वरून बघितलं की नुसतं हिरवं रान. ‘अस्पर्श निसर्ग’ असं म्हणायचा मोह होतो. वस्तुस्थिती अशी की बेटाच्या मूळ रानापैकी चांगल्या अवस्थेतलं रान दोन टक्केसुद्धा उरलेलं नाही. लाकडासाठी, उसासाठी, पुढे चहासाठी ते तुटत गेलं. उरलं ते चढणीवरचं, दरीतलं, म्हणजे जिथे नांगर चालत नाही तिथलं. १९९४ मध्ये त्याचं राष्ट्रीय उद्यान झालं. तिथे मॉरिशस केस्ट्रल नावाचा छोटा शिकारी पक्षी आहे. १९७४ मध्ये निसर्गात त्याचे फक्त चार पक्षी उरल्याची नोंद होती. माणसांनी अंडी उबवून, पिल्लं वाढवून, पुन्हा रानात सोडून तो वाचवला. म्हणजे आज तो दिसला तर तेही श्रमाचंच फळ आहे.

एक अपवाद मान्य करायला हवा. शामारेलची रंगीत माती खरोखर निसर्गाची करणी आहे. बेसॉल्ट कुजून त्याची माती झाली, त्यातल्या लोखंडाच्या आणि ॲल्युमिनियमच्या संयुगांनी तिला तांबडे, जांभळे, पिवळे रंग आले. सगळंच उसाच्या खात्यावर मांडलं तर तो हट्ट होईल.

आता जेवण. मॉरिशसचं रस्त्यावरचं सगळ्यात लाडकं खाणं म्हणजे धोल पुरी. हरभऱ्याची डाळ शिजवून, वाटून पातळ पोळीत भरायची. आपल्याला पुरणपोळी आठवते, पण यात गूळ नाही, पोळी तिखटमिठाच्या वळणाची. जोडीने विकतात, आत घेवड्यासारख्या मोठ्या दाण्यांची आमटी, टोमॅटोचं रुगाय आणि चटणी. ही बिहारकडची दालपुरी. मजुराला शिध्यात तांदूळ, डाळ, मीठ, थोडं तूप किंवा तेल, सुकी मासळी मिळायची. पोळीचं पीठ त्यात नव्हतं. म्हणजे दालपुरी हे त्याचं रोजचं जेवण नव्हे, भोजपुरी घरांतलं सणावाराचं, लग्नकार्याचं खाणं. ते पुढे रस्त्यावर आलं आणि सगळ्यांचं झालं. आज आफ्रिकी वंशाचा, चिनी वंशाचा, फ्रेंच वंशाचा माणूस त्याच गाडीपाशी रांगेत उभा असतो. शेजारीच चिनी पद्धतीच्या नूडल्स मिळतात. चिनी दुकानदार मळ्यांजवळच्या वस्त्यांत उधारीवर माल द्यायचे, वहीत मांडायचे. शेवग्याच्या पाल्याला तिथल्या क्रिओल भाषेत ब्रेद मुरुम म्हणतात. यातला ‘मुरुम’ तमिळ मुरुंगईवरून आला. एका पालेभाजीच्या नावात फ्रेंच वळण आणि तमिळ शब्द. चव घ्या, पण या ताटात कोण कोण बसलं आहे तेही विचारा.

संस्कृतीचा थांबा म्हणजे बहुतेक वेळा सेगा नृत्य. रंगीत घागरे, ढोल, टाळ्या. सेगा गुलामांनी घडवला. राव्हान हे बकऱ्याच्या कातड्याचं मोठं डफासारखं वाद्य, ते वाजवण्याआधी विस्तवावर शेकतात, आपल्याकडे हलगी तापवतात तसंच. दुसरं वाद्य माराव्हान. ती एक चपटी पेटी असते, आत बिया, हलवली की सळसळते. ती पेटी कशाची? उसाच्या तुऱ्याच्या काड्यांची. ज्या पिकाने राबवलं त्याच पिकाचं वाद्य केलं. २०१४ मध्ये युनेस्कोने सेगाला वारसा म्हणून मान्यता दिली, २०१६ मध्ये भोजपुरी गीत गवईलाही.

ल मॉर्न हा ५५६ मीटरचा कडा. मळ्यांवरून पळालेले गुलाम तिथे आसरा घेत. लोककथा अशी की १८३५ मध्ये मुक्तीची बातमी द्यायला शिपाई वर चढू लागले, ते धरायला आले असं समजून लोकांनी कड्यावरून उड्या घेतल्या. कथा तोंडी परंपरेतली आहे. पण लोक ती का सांगत राहिले, हे इतिहासाला सोडता येत नाही. २००८ मध्ये तो डोंगर जागतिक वारसा झाला. त्याआधी २००६ मध्ये पोर्ट लुईचा आप्रवासी घाट झाला होता. करारावरचे मजूर ज्या सोळा पायऱ्या चढून बेटावर आले, तो हा घाट. नैर्ऋत्येच्या सहलीत तो येत नाही, पण त्याच्याशिवाय गंगा तलाव कळत नाही. विवरातलं ते तळं हिंदूंचं तीर्थ झालं ते मजुरांच्या वंशजांमुळे. १९७२ मध्ये त्यात गंगेचं पाणी ओतलं, आणि आज शेजारी १०८ फुटांचा शंकर उभा आहे.

आपल्या लोकांचा उल्लेख इथे येतो, आणि तो ओढूनताणून नाही. मुंबई बंदरातूनही जहाजं गेली. त्यात कोकणातली आणि घाटावरची माणसं होती. आज मराठी समाज तिथे लहान आहे. सहलीची बस ज्या ब्लॅक रिव्हर जिल्ह्यातून जाते, तिथे त्यांची जुनी वस्ती आहे, कास्कावेलसारखी गावं आहेत. घरात क्रिओल बोलतात, पण गणपती बसतो, आणि कोकणातली जाखडी तिथे ‘झाकरी’ म्हणून नाचली जाते. गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते. गुलामगिरी संपल्याच्या १ फेब्रुवारीला असते, मजूर उतरल्याच्या २ नोव्हेंबरलाही असते. एका छोट्या देशाने आपल्या कॅलेंडरमध्ये केलेली ही मांडणी मला सहलीच्या मांडणीपेक्षा जास्त प्रामाणिक वाटते.

आता एका शब्दावर अडतो, ही तत्त्वज्ञान शिकवणाऱ्यांची खोड. शब्द आहे ‘स्थानिक’. जिथे मूळचा कुणीच नाही, तिथे स्थानिक कोण? रानात एक फळ मिळतं, लालसर, बोराएवढं. त्याला तिथे चिनी पेरू म्हणतात, पण ते आलं ब्राझीलहून. हंगामात कुटुंबंच्या कुटुंबं रानात जातात, मीठमिरची लावून खातात. बाजाराच्या दृष्टीने याहून स्थानिक काही नाही. वनखात्याच्या दृष्टीने मात्र हे झुडूप आक्रमक परकं आहे. त्याच्या दाटीखाली मूळ झाडांची रोपं तग धरत नाहीत, म्हणून काही भागांना कुंपण घालून ते हातांनी उपटून काढावं लागतं. दोघंही बरोबर आहेत.

इथे सावध राहायला हवं. झाडांना लावलेली ‘मूळचे’ आणि ‘बाहेरचे’ ही भाषा माणसांकडे फार लवकर सरकते. मॉरिशस त्यावर उत्तर देतं. कोण कुठून आलं हा प्रश्न तिथे निकालात निघतो, कारण उत्तर सगळ्यांचं एकच आहे, बाहेरून. मग उरतात दुसरे प्रश्न. आल्यावर शेजाऱ्याला जगू दिलं का? आणि येणं स्वतःच्या मर्जीचं होतं का? पेरूच्या झुडपाचं पहिल्या प्रश्नावर चुकतं. मळेवाल्यांचंही तिथेच चुकलं. गुलाम आणि मजूर यांच्या बाबतीत दुसरा प्रश्न आधी विचारायला हवा. स्थानिक असणं हे उगमावरून ठरत नाही. त्या जागेसाठी काय दिलं आणि तिथे इतरांसोबत कसे राहिलो, यावरून ठरतं, असं मी म्हणेन. हा निकष मुंबईला लावा, पुण्याला लावा, आखातात किंवा अमेरिकेत गेलेल्या आपल्या मुलाबाळांना लावा. काही ठिकाणी तो आपल्याला सोयीचा वाटेल, काही ठिकाणी अडचणीचा.

म्हणून सहलीला जाऊ नका, असं मी म्हणत नाही. जरूर जा. गाईडला दोष देऊ नका, तो बहुधा त्याच मजुरांचा किंवा गुलामांचा वंशज असतो, आणि प्रत्येक थांब्यावर त्याला वीस मिनिटंच असतात. फक्त त्याला दोन गोष्टी विचारा. उसातले दगड कुणी रचले? आणि तुमच्या घरचे कोणत्या जहाजाने आले? मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये भारतीय मजुरांच्या नोंदवह्या जपलेल्या आहेत. त्यात नाव, बापाचं नाव, वय, उंची, गाव आणि अंगावरची खूण अशा नोंदी आहेत. अनेकांनी तिथे जाऊन आपलं घर शोधलं आहे. गुलामांच्या वंशजांना इतकं सोपं नाही, कारण त्यांच्या पूर्वजांची नावंच मालकांनी बदलली होती. दुसऱ्या प्रश्नाला गाईड गप्प राहिला, तर त्याचं कारण हे असू शकतं, एवढं लक्षात ठेवा.

आता प्रश्न असतील तर घेऊ.