काळ्या पडद्यावरचे दप्तर

१/ लिनक्स शिकू लागलेल्या माणसाला पहिल्या दिवशी जे दिसते, ते फारसे उत्साहवर्धक नसते. काळा पडदा, लुकलुकणारी खूण आणि 'एलएस', 'सीपी', 'एमव्ही', 'आरएम' अशा अर्ध्यावर तोडलेल्या आज्ञा. पण ज्याने मोडी कागदांतले संक्षेप सोडवले आहेत, त्याला हे ओळखीचे वाटावे. संक्षेपामागे बहुधा लिहिणाऱ्या हाताची काहीतरी अडचण असते.

२/ इथली अडचण टेलिटाइपची. १९६९ साली न्यू जर्सीतील मरे हिल येथे, बेल लॅब्जमध्ये, केन टॉम्पसन, डेनिस रिची आणि त्यांचे सहकारी युनिक्स रचू लागले, तेव्हा त्यांच्यापुढे पडदा नव्हताच. होते ते जड कळांचे, कागदावर छापणारे यंत्र. वेग सेकंदाला १० अक्षरे. साठ अक्षरांच्या उत्तरासाठी सहा सेकंद खडखडाट ऐकत बसायचे. म्हणून आज्ञा दोन अक्षरी. काम फत्ते झाल्यावर यंत्र काहीच बोलत नाही, त्या मौनामागेही हा खडखडाट आहे.

३/ ते यंत्र गेले, नाव राहिले. आजच्या लॅपटॉपवर 'टीटीवाय' टंकून पाहा. तो टेलिटाइपचाच संक्षेप. 'टार' म्हणजे टेप आर्काइव्ह, चुंबकीय फितीच्या काळातला. 'यूएसआर' या कप्प्यात मुळात वापरकर्त्यांची दप्तरे असत. पहिली डिस्क भरली तशा व्यवस्थेच्या फायली तिथे सरकवल्या गेल्या आणि कायमच्या राहिल्या. तात्पुरती सोय म्हणून केलेल्या गोष्टी किती चिवट असतात!

४/ आता खरा प्रश्न. खासगी कंपनीच्या प्रयोगशाळेतील ही व्यवस्था विद्यार्थ्यांच्या हाती आली कशी? उत्तर १९५६ च्या एका न्यायालयीन तडजोडीत आहे. मक्तेदारीविरोधी खटला मिटवताना अमेरिकी सरकारने एटी अँड टी कंपनीला दूरसंचाराबाहेरच्या धंद्यात उतरण्यास मनाई केली. युनिक्स बाजारात विकणे अवघड. म्हणून विद्यापीठांना ते अल्प शुल्कात, मूळ संहितेसह मिळू लागले. हे औदार्य नव्हते, कायद्याची अडवणूक होती. परिणाम मात्र औदार्यासारखा झाला.

५/ सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात जॉन लायन्स नावाचे प्राध्यापक होते. १९७६-७७ च्या सुमारास त्यांनी युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीच्या गाभ्याची सुमारे नऊ हजार ओळींची संहिता छापली आणि तिच्यावर ओळीओळीने भाष्य लिहिले. आपल्याकडील टीकाग्रंथांच्या परंपरेत सहज बसेल असा हा ग्रंथ! माझ्या मते या साऱ्या कथेत लायन्स यांना मिळायला हवे तेवढे श्रेय मिळत नाही.

६/ कारण १९७९ साली सातवी आवृत्ती आली, आणि तिच्या परवान्याने वर्गात संहिता शिकवायलाच बंदी घातली. लायन्स यांचे भाष्य मग झेरॉक्सच्या झेरॉक्समधून फिरू लागले, अक्षरे पुसट होईपर्यंत. परीक्षेच्या तोंडावर झेरॉक्सच्या दुकानासमोर रांग लावलेल्यांना याची कल्पना करणे जड जाऊ नये.

७/ या बंदीला दोन उत्तरे मिळाली. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली : युनिक्ससारखी, पण मुक्त व्यवस्था नव्याने लिहायची. अॅमस्टरडॅमचे प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांच्यापुढे प्रश्न साधा होता : उद्या वर्गात शिकवायचे काय? त्यांनी एटी अँड टीची एकही ओळ न घेता 'मिनिक्स' लिहिले आणि १९८७ मध्ये पाठ्यपुस्तकासह प्रसिद्ध केले.

८/ ते मिनिक्स हेलसिंकीतील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने आपल्या संगणकावर चढवले. ऑगस्ट १९९१ मध्ये, एकविसाव्या वर्षी, त्याने मिनिक्सच्याच चर्चागटात कळवले की आपण छंद म्हणून एक व्यवस्था लिहीत आहोत. पहिल्या परवान्यात पैसे घेऊन वाटण्यास मनाई होती. १९९२ मध्ये त्याने ग्नूचा परवाना स्वीकारला, आणि ग्नूची साधने व लिनक्सचा गाभा एकत्र नांदू लागले. आपण टंकतो तो 'एलएस' बहुतेक वितरणांत ग्नूचाच असतो.

९/ लायन्स यांचे भाष्य १९९६ मध्ये अखेर उघडपणे, रीतसर छापले गेले. दोन वर्षांनी ते वारले.