कास पठार : दुर्मीळ फुले, पर्यटक आणि राखीव वनाचे व्यवस्थापन

सातारा : सातारा शहराच्या पश्चिमेस सुमारे २५ किलोमीटर अंतरावर, समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० मीटर उंचीवर कास पठार आहे. उन्हाळ्यात उजाड भासणारा हा कातळ पावसाळ्याच्या उत्तरार्धात फुलांनी झाकला जातो. जुलै २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटाचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. त्यासाठी निवडलेल्या ३९ स्थळांपैकी महाराष्ट्रात चार असून, कोयना, चांदोली व राधानगरी यांच्यासह कास हे त्यांतील एक होय. मात्र, या मान्यतेबरोबरच पर्यटकांची गर्दीही वाढली. सर्वांसाठी खुली असलेली भूमी तिच्यावरील नाजूक वनस्पतींसह कशी टिकवावी, हा प्रश्न तेव्हापासून वन विभाग आणि स्थानिक ग्रामस्थांसमोर आहे.

पठाराचे वेगळेपण

काळ्या बसाल्ट खडकावर जांभ्याचा थर आणि त्यावर मातीचा अत्यंत पातळ पापुद्रा, अशी या पठाराची रचना आहे. एवढ्याशा मातीत मोठे वृक्ष मूळ धरू शकत नाहीत. त्यामुळे येथे बुटक्या, बहुतांशी वर्षायू वनस्पतींचे राज्य असते. पावसाळ्याच्या तीन-चार महिन्यांत त्या उगवतात, फुलतात आणि बी टाकून नाहीशा होतात. पठारावर व परिसरात सपुष्प वनस्पतींच्या ८५० हून अधिक प्रजातींची नोंद असल्याचे सांगितले जाते.

तेरडा, गेंद, सोनकी आणि कवला यांचे ताटवे पर्यटकांच्या सहज नजरेत भरतात. ‘सीतेची आसवं’ ही निळसर-जांभळ्या फुलांची वनस्पती कीटकभक्षी आहे. मातीत नत्राची कमतरता असल्याने ती सूक्ष्म पिशव्यांमध्ये जलजीव पकडून आपली गरज भागवते. डबक्यांत उगवणारा वायतुरा सह्याद्रीच्या मोजक्या पठारांपुरता मर्यादित असून, त्याच्या शास्त्रीय नावातच साताऱ्याचा उल्लेख आहे. टोपली कारवीचा सामूहिक बहर साधारण सात वर्षांनी येतो.

या जीवनचक्रामुळेच पायदळी तुडवण्याचा परिणाम गंभीर ठरतो. बी तयार होण्यापूर्वी रोप चिरडले गेले, तर पुढील वर्षी त्या जागी उगवण्यासाठी काही उरत नाही. वारंवारच्या वर्दळीने माती दबते, तिच्यात पाणी मुरत नाही आणि पायवाटेची कायमची पट्टी तयार होते.

कायद्याचा आधार

पठाराचा मुख्य भाग राखीव वन आहे. भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार अशा वनात परवानगीविना प्रवेश करणे, गुरे चारणे अथवा वनोपज काढणे हा गुन्हा ठरू शकतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये वनस्पतींसाठी स्वतंत्र प्रकरण १९९१ च्या दुरुस्तीने जोडण्यात आले. त्या वेळी संरक्षित यादीत केवळ सहा नोंदी होत्या. २०२२ च्या दुरुस्तीनंतर यादी विस्तारली असली, तरी देशातील दुर्मीळ वनस्पतींच्या तुलनेत ती तोकडीच आहे. परिणामी कासवरील बहुतेक फुलांचे रक्षण त्यांच्या नावाने नव्हे, तर त्या उगवतात त्या भूमीच्या दर्जामुळे होते.

प्रवेशमर्यादा आणि ग्रामस्थांचा सहभाग

बहराच्या हंगामात दररोज ३,००० पर्यटकांची मर्यादा ठरवण्यात आली असून, ऑनलाइन नोंदणी आणि प्रवेशशुल्काची पद्धत आहे. वाहने दूर थांबवून पर्यटकांना ठरावीक वाटांनी फिरवले जाते. कास, एकीव, आटाळी, कासाणी आदी गावांतील संयुक्त वन व्यवस्थापन समित्या शुल्कवसुली, मार्गदर्शन, स्वच्छता आणि देखरेख यांत सहभागी असतात. शुल्कातून स्थानिकांना हंगामी रोजगार मिळत असल्याने फुले टिकवण्यात गावांचाही थेट हितसंबंध निर्माण झाला आहे.

कुंपणाचा धडा

जागतिक वारसा दर्जानंतर गर्दी आवरण्यासाठी पठाराला तारेच्या जाळीचे कुंपण घालण्यात आले. त्यामुळे पर्यटकांसोबत गुरेही थांबली आणि वन्यप्राण्यांच्या वाटाही अडल्या. काही वर्षांनी गवत माजून फुले कमी होत असल्याची तक्रार ग्रामस्थ व अभ्यासकांनी केली. गुरांच्या मर्यादित चराईने उंच गवत आटोक्यात राहते आणि बुटक्या रोपांना ऊन मिळते, असा त्यांचा युक्तिवाद होता. अखेरीस हे कुंपण काढण्यात आले.

उत्तराखंडातील फुलांच्या घाटीचा अनुभवही असाच बोलका आहे. १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान घोषित झालेल्या आणि सुमारे ८७.५ चौरस किलोमीटर क्षेत्राच्या या घाटीत मेंढपाळांची चराई बंद करण्यात आली. पुढे पॉलिगोनम या उंच वाढणाऱ्या वनस्पतीचा प्रसार चिंतेचा विषय ठरला आणि ती उपटण्याची मोहीम वन विभागाला वारंवार हाती घ्यावी लागते. या प्रसारामागे चराईबंदीच आहे का, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. तेथे पर्यटकांना केवळ दिवसा प्रवेश मिळतो. मुक्कामाला परवानगी नसल्याने त्यांना पायथ्याच्या घांगरिया येथे परतावे लागते.

सीमेपलीकडचे आव्हान

राखीव वनाची हद्द संपताच नियमही बदलतात. साताऱ्याहून कासकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या खासगी जमिनींवर हॉटेले व निवासस्थाने उभी राहिली आहेत. जिल्ह्यातील चाळकेवाडीसारख्या पठारांवर पवनचक्क्या आल्या. फुलांना आणि परागीभवन करणाऱ्या कीटकांना मात्र सातबाऱ्यावरील हद्द ठाऊक नसते. शेजारची पठारे खोदली किंवा सपाट केली गेली, तर कासचा संरक्षित तुकडा एकाकी पडण्याचा धोका संभवतो.

जैविक विविधता अधिनियम, २००२ मधील जैवविविधता वारसा स्थळाची तरतूद अशा क्षेत्रांसाठी उपयोगी पडू शकते. स्थानिक स्वराज्य संस्थांशी सल्लामसलत करून राज्य सरकारला असे स्थळ घोषित करता येते आणि त्यामुळे बाधित होणाऱ्यांच्या भरपाईची व पुनर्वसनाची योजनाही आखता येते. प्रवेशद्वारावरील गर्दी मोजणे तुलनेने सोपे आहे. पठाराभोवतीच्या जमिनीचा वापर ठरवताना शेतकरी, पशुपालक आणि पर्यटन व्यावसायिक या सर्वांना सोबत घ्यावे लागणार आहे.