बाळंतिणीची रात्र

बारशाचा दिवस उजाडला म्हणजे घर गजबजून जातें. पाळणा सजतो, नांव ठेवलें जातें, घुगऱ्या वाटल्या जातात, आणि बाळ कोणाच्या वळणावर गेलें आहे याची चर्चा दुपारभर चालते. त्या गर्दींत कोपऱ्यांत बसलेल्या आईचे डोळे बारा रात्रींच्या जागरणानें तांबारलेले असतात. बाळ भुकेनें रडूं लागलें कीं तिच्या अंगावर काटा येतो; कारण पाजतांना तिला ज्या वेदना होतात त्या तिनें कोणाला सांगितलेल्या नसतात. राजपुत्रांच्या जन्मवेळा इतिहासानें घटकापळांसह नोंदून ठेवल्या. जन्मानंतरच्या रात्रींची नोंद मात्र फारशी कोणी ठेवली नाहीं. तरीसुद्धां या रात्रींना इतिहास आहे. वैद्यकाच्या ग्रंथांत, घरच्या रूढींत, गिरणगांवांतील चाळींत आणि कायद्याच्या कलमांत तो विखुरलेला आहे.

आपल्याकडील प्राचीन वैद्यांनीं हा विषय क्षुल्लक मानला नव्हता. चरकसंहितेच्या शारीरस्थानांत सूतिकागार कसें असावें याचें सविस्तर वर्णन आहे. नववा महिना लागण्यापूर्वींच तें सिद्ध करावें, आणि अनेकदां प्रसूत झालेल्या, प्रेमळ, कष्ट सोसणाऱ्या व कामांत कुशल अशा स्त्रिया तेथें जवळ असाव्या, असें चरक सांगतो. जागा आणि औषधें यांच्या बरोबरीनें त्यानें माणसांचीहि गणना केली, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. सुश्रुताचें निरीक्षण तर याहूनहि सूक्ष्म आहे. क्रोध, शोक आणि वात्सल्याचा अभाव यांमुळें आईचें दूध नाहींसें होतें, असें तो म्हणतो. बालरोगांवरील काश्यपसंहिता १९३८ सालीं मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यांतून प्रसिद्ध झाली. तींत स्तनाच्या कीलक नांवाच्या विकाराचें स्वतंत्र वर्णन असून, दूध पिळून काढणें हा त्यावरील एक उपचार सांगितला आहे.

अर्थात् या ग्रंथांतील सर्वच सांगणें आज ग्राह्य नाहीं. दूध तिसऱ्या-चौथ्या रात्रीनंतर उतरतें असें धरून सुश्रुतानें आरंभीं बाळास मध व तूप देण्यास सांगितलें आहे. पहिला चीक पिळून टाकून देण्याची चालहि पुष्कळ घरांत होती. त्या चिकांतच रोगापासून संरक्षण करणारीं द्रव्यें भरपूर असतात, आणि एक वर्षाच्या आंतील मुलास मध देणें धोक्याचें असतें, हें आतां सिद्ध झालें आहे. या चालीनें आईचेंहि नुकसान होई. बाळ पहिल्या तासापासून अंगावर न घेतल्यानें तिसऱ्या-चौथ्या दिवशीं दूध एकदम भरून येई, छाती दगडासारखी टणक होई, आणि ताणलेल्या स्तनास बाळाला नीट तोंड लावतां येत नसे. तिच्या दुखण्याचा आरंभ कित्येकदां येथूनच होई.

महाराष्ट्रांतील बाळंतिणीची खोली ही अशीच गुणदोषांची जोडी होती. पहिल्या बाळंतपणासाठीं मुलगी माहेरीं येई. सुईण अंग रगडून न्हाऊं घाली, बाजेखालीं शेगडी ठेवून शेक दिला जाई, डिंकाचे व अळिवाचे लाडू आणि बाळंतशेपा यांचा खुराक चाले, आणि सव्वा महिना तिच्याकडून घरचें काम करून घेत नसत. सोयराच्या दहा दिवसांत तर स्वयंपाकघराचा उंबराहि ओलांडण्याची तिला बंदी असे. कारण विटाळाचें असलें तरी फळ विश्रांतीचें होतें. दुसऱ्या बाजूस तीच खोली अंधारी, कोंदट आणि धुरानें भरलेली असे. आणि नाळ कापण्यांतील अस्वच्छतेमुळें धनुर्वात होऊन कित्येक अर्भकें दगावत. पण त्या खोलींत एक गोष्ट अमोल होती. मध्यरात्रीं बाळ रडलें कीं आजी उठे, त्याला पुसून आईच्या कुशींत देई, आणि पाजून झालें कीं पुन्हां आपल्याकडे घेई. सटवाई बाळाच्या कपाळीं लेख लिहावयास येते म्हणून पांचव्या-सहाव्या रात्रीं घरच्या बायका जागत बसत. त्या रात्रीं आई एकटी जागी नसे.

ज्या स्त्रियांना अशी खोली नव्हती त्यांची कथा निराळी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मुंबईंत गिरण्या उभ्या राहिल्या, आणि कोंकणांतून व घाटावरून आलेल्या सहस्रावधि स्त्रिया त्यांत कामास लागल्या. माहेर दूर राहिलें, आणि पहांटे भोंगा वाजला कीं कामावर जाणें प्राप्त होतें. अशा आईनें रात्र कशी काढावी, आणि दिवसा बाळ कोणापाशीं ठेवावें? त्यावरचें उत्तर अफूची बाळगोळी हें होतें. मुंबई सरकारच्या वतीनें डॉ. बार्न्स या बाईंनीं १९२२ च्या सुमारास गिरणींतील स्त्रियांच्या बाळंतपणाची पाहणी केली, तेव्हां अर्भकांना अफू देण्याची चाल फार मोठ्या प्रमाणावर असल्याचें त्यांना आढळलें. ही चाल केवळ येथलीच नव्हती. इंग्लंडांतील कारखान्यांच्या गांवींहि अफू घातलेलें ‘गॉडफ्रेज् कॉर्डियल’ नांवाचें गोड औषध मुलांना पाजून निजवीत असत. या आयांना निर्दय म्हणणें सोपें आहे. परंतु ज्या व्यवस्थेनें त्यांची झोंप हिरावून घेतली तिचाच दोष मोठा होता. १९२८ सालीं मुंबईच्या कायदेमंडळांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं प्रसूतिसाहाय्याच्या विधेयकास पाठिंबा दिला. आईस प्रसूतीच्या आधीं व नंतर विश्रांति मिळणें हें राष्ट्राच्या हिताचें आहे, असें त्यांचें प्रतिपादन होतें. १९२९ सालीं तो कायदा झाला, आणि प्रसूतीनंतरचे चार आठवडे स्त्रीला कारखान्यांत कामास लावण्याची मनाई झाली.

सुखवस्तु घरांतील आईपुढें त्याच सुमारास दुसरेंच आश्वासन आलें, आणि तें घड्याळाचें होतें. इंग्लंडांतील डॉ. विल्यम कॅडोगन यांनीं १७४८ सालींच बाळास चोवीस तासांत चार वेळां पाजावें, रात्रीं पाजूं नये, असें लिहिलें होतें. पुढें न्यूझीलंडमध्यें डॉ. ट्रूबी किंग यांनीं १९०७ सालीं ड्युनेडिन येथें बालसंगोपनाची एक संस्था काढली. दर चार तासांनीं पाजणें आणि रात्रीं मुळींच न पाजणें या त्यांच्या शिस्तीचा इंग्रजी जाणणाऱ्या जगांत मोठा बोलबाला झाला. थकलेल्या आईस हा उपदेश गोड वाटल्यास नवल नाहीं. परंतु नवजात बाळाचें पोट लहान, आईचें दूध पचावयास हलकें, आणि दूध निर्माण करणाऱ्या प्रोलॅक्टिनचा जोर रात्रींच अधिक. रात्रीचें पाजणें बंद केलें कीं छाती भरून दुखूं लागे, आणि पुढें दूधच कमी होई. वर दोष मात्र आईच्या माथीं येई.

वेदनेचें मर्म उलगडलें तें विसाव्या शतकाच्या मध्याला. १९४५ सालीं इंग्लंडांतील डॉ. मेव्हिस गुंथर यांनीं स्तनाग्रांच्या दुखण्याविषयीं ‘लॅन्सेट’ पत्रांत लेख लिहिला, आणि बाळ कसें धरलें आहे याकडे लक्ष वेधलें. बाळानें केवळ अग्र तोंडांत धरलें तर तें चेंगरून चिरा पडतात. तोंड मोठें उघडून भोंवतालचा काळसर भागहि त्यानें घेतला आणि हनुवटी छातीस टेकली, तर दूध सुरळीत येतें व दुखणें ओसरतें. पाजणें सतत दुखत असेल तर तें निमूटपणें सोसण्याचें नसून बाळाची धरण्याची रीत सुधारण्याचें चिन्ह आहे. आणि गांठ येऊन ताप भरला तर तें डॉक्टरांचें काम आहे. १९४८ सालीं अमेरिकेंत नाइल्स व मायकेल न्यूटन या दांपत्यानें एक विलक्षण प्रयोग प्रसिद्ध केला. पाजतांना आईचे पाय बर्फाच्या पाण्यांत ठेवले, बोटें दुखेपर्यंत ओढलीं, गणितें विचारून तिला भंडावून सोडलें. तेव्हां बाळाला मिळणारें दूध पुष्कळच घटलें. दूध सोडणारें ऑक्सिटोसिन टोंचून दिलें तेव्हां तें बव्हंशीं पूर्ववत् झालें. दूध आटलेलें नव्हतें, अडलेलें होतें. सुश्रुतानें क्रोध व शोक यांचें नांव घेतलें होतें त्याचें मर्म असें प्रयोगांतून हातीं आलें.

त्यानंतर कायदा पुढें सरकला. १९६१ च्या अखिल भारतीय कायद्यानें प्रसूतीची रजा दिली, आणि कामावर परतलेल्या आईस मूल पंधरा महिन्यांचें होईपर्यंत दिवसांतून दोन वेळां पाजण्यासाठीं सवड दिली. २०१७ सालीं पहिल्या दोन अपत्यांसाठीं रजा २६ आठवड्यांची झाली. परंतु रात्रीं तीन वाजतां कोणताहि कायदा उठून दिवा लावीत नाहीं. माहेरची मोठी खोली गेली, दोन खणांच्या बिऱ्हाडांत आजी नाहीं, आणि पाजणें तर आईवांचून दुसऱ्या कोणाला शक्य नाहीं. तथापि बाळाला उचलून आणणें, त्याचें दुपटें बदलणें, ढेंकर काढून निजविणें, आणि पहांटे त्याला घेऊन दुसऱ्या खोलींत जाणें हें बापाला, आत्याला, सासूलाहि करतां येतें. चरकानें सूतिकागारांत ज्या प्रेमळ व कष्टाळू माणसांना जागा दिली, त्यांची गरज आजहि तितकीच आहे. बारशाला जमलेल्या पाहुण्यांनीं पाळण्यांत डोकावण्यापूर्वीं आईजवळ बसून, रात्रीं झोंप मिळते का, पाजतांना दुखतें का, एवढें विचारलें तरी त्या दिवसाचें चीज होईल.