कोळशावरील उपकराचीं तीन नांवें

जकात म्हणजे काय हें पिंपरी-चिंचवडच्या लोकांना शिकवावें लागत नाहीं. नाक्यावर वसूल होणारी ही पट्टी महापालिकेच्या उत्पन्नाचा मोठा आधार होती. 1 एप्रिल 2013 पासून ती जाऊन स्थानिक संस्था कर आला, आणि पुढें तोही गेला. रहाटणींतील ज्या गृहस्थांनीं हीं स्थित्यंतरें पाहिलीं, त्यांना धुरावरील कराची हकीकत परकी वाटणार नाहीं.

इतरांवर नुकसान लादणाऱ्याकडून त्याची किंमत घ्यावी, हा विचार इंग्रज अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनीं 1920 सालीं ग्रंथांत मांडला. भारतानें 1 जुलै 2010 पासून कोळशावर टनामागें 50 रुपये ‘स्वच्छ ऊर्जा उपकर’ बसविला. 2014 सालीं तो 100, 2015 सालीं 200 व 2016 सालीं 400 रुपये झाला, आणि त्याला ‘स्वच्छ पर्यावरण उपकर’ म्हणूं लागले. एका युनिट विजेस सुमारें 700 ग्रॅम कोळसा जळतो असें धरल्यास हा भार युनिटमागें 28 पैसे होतो. रहाटणींत दिवा लावणाऱ्या गृहिणीनें कोळशाच्या विजेपुरता तो भरलाच. तिला कोणी विचारलें मात्र नाहीं!

पैसा गेला कोठें? आठ अर्थसंकल्पीय वर्षांत सुमारें 86,400 कोटी रुपये जमले. स्वच्छ ऊर्जेच्या निधीकडे त्यांतले सुमारें 29,600 कोटी पोहोंचले, आणि प्रकल्पांवर 16,000 कोटींहूनही कमी खर्च झाले. 1 जुलै 2017 रोजीं वस्तु व सेवा कर आला. टनामागचे 400 रुपये तेच राहिले, पण नांव झालें ‘भरपाई उपकर’, आणि धनी झालीं राज्यें. महाराष्ट्रानें त्याच वर्षीं कायदा करून महापालिकांना बुडालेल्या जकातीच्या व स्थानिक संस्था कराच्या जागीं भरपाई देऊं केली. म्हणजे धुराचा पैसा नाक्याची उणीव भरूं लागला! राज्यांची भरपाई 2022 सालीं संपली. उपकर मात्र तीपायीं काढलेलें कर्ज फेडण्यासाठीं चालूं राहिला.

22 सप्टेंबर 2025 रोजीं तो कोळशावरून उठला, व वस्तु व सेवा कर 5 टक्क्यांवरून 18 टक्के झाला. वरवर पाहतां ही वाढ वाटते. परंतु टनाला 1,500 रुपये भावाच्या हलक्या कोळशावर पूर्वी 475 रुपये पडत, तेथें आतां 270 पडतात. 6,000 रुपयांच्या उंची कोळशावर 700 चे 1,080 झाले. हलक्या कोळशांत राख अधिक, म्हणून तेवढ्याच विजेस तो अधिक जाळावा लागतो. वजनावरचा कर निदान धुराच्या मागोमाग चालत होता. किंमतीवरचा कर त्याच्याकडे पाठ फिरवितो. माझ्या मतें हा बदल पहिल्या दोन नामांतरांहून मोठा आहे.

याची झळ चाकणपर्यंत पोहोंचते. 1 जानेवारी 2026 पासून युरोपीय संघानें आयात पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट वगैरेंवर कर्बवायूचा आकार लागू केला आहे. पोलादी बोल्टही त्यांत येतात. माल जेथें बनला तेथें वायूची किंमत भरली असेल, तर ती वजा करण्याची सोय त्या कायद्यांत आहे. किंमतीवर आकारलेला वस्तु व सेवा कर त्या व्याख्येंत बसत नाहीं. जून 2023 मध्यें भारत सरकारनें कर्ब-पतव्यापाराची योजना जाहीर केली. तींत मालाच्या टनामागें किती वायु सोडावा याची मर्यादा ठरते, आणि त्याहून कमी सोडणाऱ्यास विकण्याजोगें प्रमाणपत्र मिळतें. त्या बाजारांतला भाव युरोपच्या हिशेबांत वजा धरला गेला, तर बोल्टवाल्याचा पैसा देशांत राहील. नाहीं तर तो ब्रुसेल्सच्या जकातनाक्यावर जाईल.