पाळता न येणारी माशी : मेळघाटातील आग्या मोहोळ

इंदूरहून दक्षिणेस नर्मदा आणि निमाड ओलांडले की सातपुडा लागतो. त्याच्या गाविलगड रांगेतील मेळघाट 1974 साली व्याघ्रप्रकल्प झाला. तेथील कोरकू मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून रानमध काढत आले आहेत. हा मध टिकवायचा तर नेमके काय राखायचे, हे माशीच्या स्वभावावरून ठरते.

1. स्वभाव : सातेरी माशी ढोलीत किंवा कपारीत समांतर पोळी बांधते, म्हणून ती पेटीत रमते. आग्या माशी उंच फांदीला किंवा कड्याला उघड्यावर एकच मोठे पोळे लटकवते आणि फुलोरा सरला की स्थलांतर करते. ती पेटीत पाळता येत नाही.

2. मालकी : उरल पर्वतातील शुल्गान-ताश राखीव क्षेत्रात बश्कीर लोक जुन्या पाइनच्या खोडात ढोली कोरतात, त्यात रानमाशी वस्तीला येते आणि झाडावर घराण्याची खूण असते. तेथे ढोली ठरलेली, म्हणून राखणदारही ठरलेला. आग्या मोहोळाला असा धनी नसतो. आज एकाने अर्धे पोळे सोडले, तर उद्या दुसरा ते कापून नेतो. म्हणून घाई होते आणि कच्चा मध उतरवला जातो.

3. काढणी : पोळ्याच्या वरच्या जाड भागात मध असतो, त्याखाली पराग आणि अंडी-अळ्या. टेंभा लावून सगळे पोळे कापले की माश्या जळतात, वणव्याचे भय वाढते आणि अळ्यांसकट पिळलेला मध लवकर आंबतो. फक्त मधाचा भाग कापला तर पिले वाचतात आणि फुलोरा असेपर्यंत माश्या तो भाग पुन्हा भरतात. वर्ध्याच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्रात डॉ. गोपाल पालिवाल यांनी संरक्षक पोशाख घालून, माश्या न मारता मध काढण्याची हीच रीत विकसित केली आणि शिकवली.

4. हक्क : 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजांत मध आणि मेण यांचा स्पष्ट उल्लेख केला आहे. सामूहिक वनसंसाधनाच्या वापराचे नियमन करण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आहे. धनी नसलेल्या पोळ्याला राखणदार मिळतो तो येथेच.

निष्कर्ष : केवळ पोशाख वाटून किंवा केवळ बंदी घालून आग्या मोहोळ टिकणार नाही. टेंभा नको, मेणाने बंद झालेला, म्हणजे पिकलेलाच मध काढावा, पिलांचा भाग सोडावा, हे तीन नियम ग्रामसभेने स्वतः ठरवून पाळायला हवेत.