गोदाकाठची उन्हाळी खोप

इतिहासाच्या अभ्यासकाला टिकलेल्या घरांची फार ओढ असते. वाडा पडला तरी त्याचे जोते उरते, किल्ला ओस पडला तरी तट उभा राहतो, आणि त्या अवशेषांवरून आपण माणसांचा मागोवा घेतो. परंतु आपल्या देशात अशीही घरे होती आणि आहेत, की जी उभारतानाच ती केव्हा मोडायची हे ठरलेले असते. त्यांचे जोते उरत नाही व त्यांची नोंद कोणत्या दप्तरात होत नाही. गंगापूर तालुक्याच्या दक्षिण अंगाने गोदावरी वाहते. तिच्या काठची उन्हाळी खोप ही अशा घरांपैकी एक. वादळपावसाच्या आधी ती आवरून घेण्याची जी रीत आहे, तिचा इतिहास लिहिण्याजोगा आहे असे आम्हांस वाटते.

पाण्याकाठी उन्हाळ्यापुरते घर करणे ही कल्पना जगाला नवी नाही. फिनलंडमध्ये आणि कॅनडात सरोवराच्या काठी लाकडी घरे असतात. तेथील कुटुंबे उन्हाळा त्यांत घालवतात, आणि शरदातील वारे सुटू लागले की नळांतील पाणी काढून टाकून, होडी किनाऱ्यावर ओढून, खिडक्यांना फळ्या लावून शहराकडे परततात. आपल्याकडे याच्या जवळचे उदाहरण महाबळेश्वरचे. १८२८ च्या सुमारास मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या पुढाकाराने व साताऱ्याचे प्रतापसिंह महाराज यांच्या संमतीने तेथे हवा खाण्याचे ठिकाण वसले. पुढे १८४२ मध्ये आप्पासाहेब महाराजांनी वेण्णा तलाव बांधविला. जूनच्या मध्यास पावसाची चाहूल लागली की तेथील बंगल्यांच्या भिंतींना गवताच्या झापा बांधीत, सामान गुंडाळीत, आणि साहेब मंडळी व त्यांच्यामागून गेलेले आपले श्रीमंत लोक घाट उतरत. मात्र या सर्व घरांत एक साम्य आहे. मालक निघून जातो आणि घर जागेवरच राहते. गोदाकाठी याच्या उलट आहे. येथे माणसाबरोबर घरही उठते.

धरणापूर्वीची गोदावरी डोळ्यांपुढे आणली पाहिजे. पावसाळा सरल्यावर नदी आपल्या पात्राच्या एका अंगाला सरके आणि बाकीचे पात्र वाळूने पांढरे होई. त्या वाळूत भोई, कहार आदी नदीवर जगणाऱ्या जमातींची कुटुंबे टरबूज-खरबुजांच्या वाड्या करीत. ओल लागेपर्यंत वाळूत खड्डे घ्यायचे, त्यांत खत भरायचे, थंडीतच बी टोकायचे, वेलांना वाऱ्याची झळ लागू नये म्हणून गवताचे आडोसे उभे करायचे, आणि फळ धरू लागले की राखणीसाठी तेथेच येऊन राहायचे. चार मेढी, एक आढे, वर पाचट, बाजूंना तुराट्यांचे कूड, एवढेच ते घर. चैत्र-वैशाखात त्या वाळवंटात वस्ती नांदे. तेथे चूल पेटे, लेकरे खेळत, रात्री कोल्ह्यांना हाकारे पडत. रोहिणी निघून मृग लागला, की त्या वाळूवर एक मेढही दिसत नसे.

या उठण्याला पंचांगाचा आधार होता. मेअखेरीस रोहिणी नक्षत्र, जूनच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस मृग, ही गणना खेड्यातील निरक्षर माणसाच्याही बोटांवर असे. नदीकाठचेच काय, सगळ्या मुलखाचे व्यवहार तिला बांधलेले होते. मराठ्यांच्या फौजा पावसाळ्यात मुक्काम करीत, त्याला छावणी म्हणत. छप्पर घालण्याच्या क्रियेशीच त्या शब्दाचे नाते आहे. दसऱ्याला सीमोल्लंघन करायचे ते नद्या उतरल्यावर. नदी भरलेली असताना मोहीम चालविण्याचे मोल काय पडते, हे याच गोदावरीने दाखविले आहे. १० ऑगस्ट १७६३ रोजी राक्षसभुवनाशी निजामअलीची फौज नदीने दुभंगली. स्वतः निजाम पलीकडे गेलेला आणि त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर अलीकडेच राहिलेला. थोरल्या माधवरावांच्या मराठी फौजेने त्या अलीकडच्या भागाचा फडशा पाडला व विठ्ठल सुंदर कामास आला.

खुद्द गंगापूरच्या वेशीवरचे उदाहरण कायगाव टोक्याचे. प्रवरा जेथे गोदावरीला मिळते तो हा घाट, नगर-औरंगाबाद वाटेवरचा जुना उतार. ऑगस्ट १८०३ मध्ये अहमदनगरचा किल्ला घेतल्यावर जनरल वेलस्लीची फौज येथे आली, तेव्हा नदी दुथडी वाहत होती. विणलेल्या टोपल्यांवर कातडे मढवून केलेल्या नावांतून ती फौज काही दिवसांत पार झाली. पुढच्याच महिन्यात, २३ सप्टेंबरला, तिने असईची लढाई जिंकली. सेनापतीला जे पाणी ओलांडण्यासाठी नावा बांधाव्या लागल्या, त्याच पाण्याची वेळ ओळखून वाडीवाला दोन महिने आधी आपले बिऱ्हाड काठावर नेत होता. पहिल्याची नोंद इतिहासात झाली, दुसऱ्याची झाली नाही, एवढाच फरक.

आता ही आवराआवर कशी होते ते पाहू. काठावरच्या माणसाला दोन शत्रू असतात आणि दोहोंशी वागण्याची रीत निराळी असते. पहिला शत्रू वळीव. वैशाखात दुपार कलली की हवा कोंडते, वारा पडतो, पश्चिमेला काळी भिंत उभी राहते, आणि मग धुळीचा लोट, वारा, कधी गारा असा मारा अर्धा-पाऊण तास चालतो. त्या वेळी खोप सोडून पळणारा उघड्यावर सापडतो. म्हणून खोप उठवायची नसते, तर बांधायची असते. चूल प्रथम विझवायची, कारण वाऱ्यावर उडालेली एक ठिणगी सबंध वस्तीला पुरते. छपरावरून सुंभाचे दोर टाकून ते खुंट्यांना आवळायचे, पत्रा असेल तर त्यावर दगड ठेवायचे, शेरडे आडोशाला घ्यायची, धान्य बाजेवर चढवायचे, वाऱ्याच्या तोंडचा कूड घट्ट बांधायचा आणि त्याच्या उलट बाजूचा कूड मोकळा सोडायचा. आत शिरलेल्या वाऱ्याला बाहेर पडायला वाट मिळाली तर छप्पर वाचते.

दुसरा शत्रू पूर. त्याच्याशी बांधून भागत नाही. तेथे निघावेच लागते, आणि निघण्याला क्रम असतो. आधी धान्य व बियाणे वर जाते, त्यामागून लेकरे, म्हातारी माणसे व जनावरे. मग पाचट उतरायचे, वासे सोडायचे, मेढी उपटायच्या. मेढ वाहून जाऊ देणे हा आळस समजला जातो, कारण पुढच्या वर्षीचे घर तिच्यातच असते. ज्या दिवसांत गावात माळवदावर पांढरी माती टाकून छप्पर पावसाला घट्ट केले जाते, त्याच दिवसांत काठावर छप्पर उतरते. दोन्ही कामे एकाच शहाणपणातून आलेली आहेत.

या जुन्या व्यवस्थेत मोठा पालट झाला तो जायकवाडी धरणाने. मूळ योजना बीड जिल्ह्यातील जायकवाडी गावाशी धरण बांधण्याची होती. पुढे जागा वर पैठणला सरकली आणि नाव मात्र तेच राहिले. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते पायाभरणी झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी यांनी उद्घाटन केले. शंकरराव चव्हाण पाटबंधारे मंत्री असल्यापासून या धरणाच्या मागे होते, आणि उद्घाटनाच्या वेळी ते मुख्यमंत्री होते. सुमारे दहा किलोमीटर लांबीच्या या बांधामागे सुमारे साडेतीनशे चौरस किलोमीटर पसरणारा जलाशय उभा राहिला. त्याला संत एकनाथांच्या नावावरून नाथसागर म्हणतात. पैठण, गंगापूर, नेवासे व शेवगाव या तालुक्यांतील शंभराहून अधिक गावांना त्याची झळ पोचली. मराठवाड्याच्या कोरड्या जमिनीला या पाण्याने जे दिले त्याचे मोल कोणी नाकारणार नाही. आम्हीही नाकारत नाही. तथापि काठच्या माणसाचा हिशोब स्वतंत्रपणे मांडला पाहिजे.

पूर्वी जेथे वाळवंट होते तेथे आता सरोवराचा काठ आला. हिवाळ्यापासून पाणी मागे हटू लागते आणि गाळाची काळी, ओली जमीन उघडी पडते. तीत हरभरा, गहू, मका, भुईमूग, टरबूज अशी पिके घेतात, हीच गाळपेर. ही जमीन सरकारी संपादनातील. ती हंगामापुरती भाडेपट्ट्याने देताना धरणग्रस्तांना प्राधान्य द्यावे असे धोरण आहे. याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. ज्याच्या बापाचे शेत पाण्याखाली गेले, तो उन्हाळ्यात त्याच किंवा शेजारच्या मातीवर पाहुण्यासारखा परततो, खोप घालतो, पीक काढतो आणि पाणी चढू लागले की उठतो. २०१६ आणि २०१९ च्या उन्हाळ्यांत जलाशयाचा उपयुक्त साठा संपून पाणी मृतसाठ्याच्याही खाली गेले होते. अशा दुष्काळी वर्षी बुडालेल्या गावांचे चौथरे व देवळांचे दगड उघडे पडतात. एरवी जी जागा केवळ आठवणीत असते, तीवर माणूस पुन्हा पाय ठेवतो. महाबळेश्वरचा बंगलेवाला गारव्यासाठी उन्हाळी घर करीत होता. गाळपेरकऱ्याच्या उन्हाळी घरामागे गेलेल्या शेताचा उंबरठा आहे.

पालटाचा दुसरा भाग याहून गंभीर आहे. जुना वाडीवाला ज्या आभाळाकडे पाहून उठत होता, ते आभाळ आता पुरेसे राहिलेले नाही. गंगापूरचा पाऊस वर्षाला सहाशे मिलिमीटरांच्या आतबाहेर. नाशिकच्या घाटमाथ्यावर इगतपुरीकडे तो त्याच्या कितीतरी पट पडतो. नदीवर आणि तिच्या उपनद्यांवर एकामागून एक बांध झाले. दारणा, नाशिकजवळचे गंगापूर धरण (आमच्या गंगापुराचे केवळ नामसाधर्म्य), नांदूर मधमेश्वरचा बंधारा. आणि प्रवरेवर १९२६ मध्ये पूर्ण झालेले भंडारदरा. या धरणांतून पाणी सोडले की येथे ऊन पडलेले असतानाही काठ चढू लागतो. पूर्वी नक्षत्र जे सांगत होते, ते आता पाटबंधारे खात्याचा आकडा सांगतो. नक्षत्र सर्वांना दिसे. आकडा ज्याला कळवला जाईल त्यालाच कळतो. ऑगस्ट २००६ मध्ये नाथसागरातून सोडलेले पाणी पैठण नगरीत शिरले, तेव्हा धरणाच्या खालच्या अंगाला काय होऊ शकते ते सर्वांनी पाहिले. वरच्या अंगाचा काठ हळूहळू बुडतो, त्याचा गवगवा होत नाही. पण सपाट गाळावर पाणी वीतभर चढले तरी ते दूरवर पसरते, आणि मागून खोपीला वेढा घालते.

आज काठावर मोबाइल फोन आहेत, कचऱ्यात गेलेल्या थर्माकोलचे तराफे करून मासेमारी करणारे लोक आहेत, आणि पाण्याचे आकडे रोज प्रसिद्ध होतात. साधने वाढली आहेत. तरीही इशारा प्रथम तालुक्याच्या कचेरीत पोचतो, मग गावात, आणि काठावरच्या शेवटच्या खोपीत सर्वांत शेवटी. आमच्या मते हा क्रम उलटा असावयास हवा. ज्याचे घर पाण्याला सर्वांत जवळ, त्याला खबर सर्वांत आधी मिळाली पाहिजे. जेवढी जमीन भाडेपट्ट्याने दिली जाते, तिच्या प्रत्येक पट्ट्याबरोबर ही जबाबदारीही सरकारच्या दप्तरी लिहिली गेली पाहिजे.

वेळेवर उठण्याची विद्या या लोकांजवळ शतकानुशतके आहे. मेढी कशा उपटाव्यात, आधी काय न्यावे, वाऱ्याला वाट कोणत्या बाजूने द्यावी, हे त्यांना शिकवावे लागत नाही. त्यांच्याजवळ नाही ती एकच गोष्ट, नाशिकच्या धरणावर दार केव्हा उघडले याची खबर. ते दार ज्यांच्या हाती आहे, त्यांनी ती खबर गोदाकाठी वेळेत पोचती करावी. खोप आवरून घेण्याचे काम ती माणसे स्वतःच करतील.